सर्वो मोटर आर्डुइनोला जोडताना: आधी वीज, मग मध्य, मग हॉर्न आणि शेवटी कोड

सर्वो (सांगितलेल्या कोनात जाऊन थांबणारी मोटर) थरथरतो, आर्डुइनो बोर्ड सारखा रीसेट होतो, सर्वोला जोडलेला हात एका टोकाला जाऊन घूंघूं करत राहतो. अशा तक्रारी घेऊन येणारी मुलं पहिल्यांदा कोड दाखवतात. कोड बहुतेक वेळा ठीकच असतो, कारण तो लायब्ररीतल्या (तयार कोडच्या संचातल्या) उदाहरणातून घेतलेला असतो. गडबड असते ती वीजपुरवठ्यात, ग्राउंडमध्ये (विजेच्या मायनस बाजूत) किंवा हॉर्न (सर्वोच्या दांड्यावर बसणारी पट्टी) कोणत्या वेळी बसवला यात. म्हणून या लेखात कोड शेवटाकडे येतो. क्रम बदलू नका. प्रत्येक टप्प्यानंतरची तपासणी पार पडल्याशिवाय पुढे जाऊ नका.

उदाहरण म्हणून आर्डुइनो उनो आणि निळ्या खोक्यातला ९ ग्रॅमचा एसजी९० सर्वो घेतला आहे. शाळा-कॉलेजच्या प्रकल्पांत हीच जोडी सर्वांत जास्त दिसते. ईएसपी३२ (उनोऐवजी वापरता येणारा बोर्ड) आणि पीसीए९६८५ (अनेक सर्वो सांभाळणारा जोडबोर्ड) यांच्यासाठी काय बदलतं तेही पुढे आहे.

## १. जुळवाजुळव

लॅमिंग्टन रोडवर किंवा बुधवार पेठेत सर्वो घ्यायला गेलात तर त्याच फेरीत हेही घ्या:

- ५ व्होल्टचा अडॅप्टर. एका-दोन एसजी९०साठी २ अँपिअरचा, चारसाठी ३ अँपिअरचा.
- अडॅप्टरची पिन बसेल असा स्क्रू टर्मिनलवाला डीसी जॅक.
- १००० मायक्रोफॅराड, १६ व्होल्टचा इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर.
- मल्टीमीटर. साधा, स्वस्तातला चालेल, पण हवाच.
- जंपर वायर, ब्रेडबोर्ड, बारीक स्क्रूड्रायव्हर आणि लिहायला मास्किंग टेप.

सर्वो विकत घेताना एक गोष्ट दुकानातच विचारून घ्या: १८० अंशांचा की ३६० अंशांचा? ३६० म्हणून मिळणारा सर्वो बहुधा सतत फिरणारा असतो. त्याला ९० सांगितलं की तो थांबतो, ० किंवा १८० सांगितलं की एकेका दिशेला पूर्ण वेगाने फिरतो. तो कोनात थांबत नाही आणि कोणताही कोड त्याला थांबवू शकत नाही. घरी आणल्यावर ओळखायचा असेल तर वीज न जोडता हॉर्न नुसता टेकवून अगदी हळू फिरवा. साधा सर्वो दोन्ही बाजूंना अडतो, सतत फिरणारा गोल फिरत राहतो. अडला की तिथेच थांबा. प्लास्टिकच्या गिअरचे दात जोर लावल्यावर तुटतात.

ताकदीचा हिशेब आताच करा. एसजी९०वर ४.८ व्होल्टला साधारण १.८ किलो-सेंटिमीटर असा आकडा असतो. हा सर्वो पूर्ण अडून थांबतो तेव्हाचा टॉर्क (फिरवण्याचा जोर) आहे, काम करतानाचा नाही. ८ सेंटिमीटर लांब हाताच्या टोकाला १०० ग्रॅम वजन असेल तर ०.८ किलो-सेंटिमीटर झाले. हाताचं स्वतःचं वजन ३० ग्रॅम असेल तर ते मध्यावर धरा, म्हणजे ४ सेंटिमीटरवर आणखी ०.१२. एकूण ०.९२, म्हणजे छापील आकड्याच्या निम्म्याच्या वर. हात क्षणभर उचलायला हे जमेल, पण उचलून धरून ठेवायला नाही. धरून ठेवायचं काम असेल तर छापील आकड्याच्या एक तृतीयांशात राहा. त्यावर जात असाल तर हात आखूड करा किंवा एमजी९९६आर सारखा मोठा, धातूच्या गिअरचा सर्वो घ्या. पण त्याची विजेची भूक कितीतरी मोठी आहे हे आधी वाचा.

## २. वीज

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या.

एसजी९० रिकामा फिरताना साधारण १०० ते २५० मिलिअँपिअर घेतो. अडला की ६०० ते ७०० मिलिअँपिअरपर्यंत जातो. फिरायला सुरुवात करतानाही तो क्षणभर अडल्यासारखाच प्रवाह खेचतो, हे लक्षात न घेतल्यामुळेच बहुतेक घोळ होतात. उनोच्या यूएसबीवरचा फ्यूज ५०० मिलिअँपिअरचा आहे. एक सर्वो, तोही भार नसलेला, बोर्डच्या ५ व्होल्ट पिनवर चालून जातो आणि माणूस फसतो. दुसरा जोडला, किंवा पहिल्यालाच हात बसवला, की व्होल्टेज खचतं आणि बोर्ड रीसेट होतो. रीसेट झाला की कोड पुन्हा सुरुवातीपासून चालतो, सर्वो पुन्हा मध्याकडे उसळतो, व्होल्टेज पुन्हा खचतं. हे चक्र चालू असताना बाहेरून पाहणाऱ्याला वाटतं की सर्वो वेड्यासारखा मागेपुढे करतोय.

बोर्डच्या गोल जॅकमध्ये ९ किंवा १२ व्होल्टचा अडॅप्टर लावून हा प्रश्न सुटत नाही. तिथून येणारी वीज बोर्डवरच्या छोट्या रेग्युलेटरमधून ५ व्होल्टला उतरते आणि उरलेले व्होल्ट उष्णता होऊन बाहेर पडतात. रेग्युलेटरला बोट लावून पाहा, चटका बसेल.

चौकोनी ९ व्होल्टची बॅटरीही नको. ती रिमोटसाठी, स्मोक अलार्मसाठी आहे. मोटरचा प्रवाह मागितला की तिचं व्होल्टेज कोसळतं. दोन लिथियम सेल ओळीत जोडले तर पूर्ण चार्ज झाल्यावर ८.४ व्होल्ट होतात, एसजी९०ला ते झेपत नाहीत. बॅटरीच हवी असेल तर एए आकाराच्या चार रिचार्जेबल निकेल सेलचे ४.८ व्होल्ट छान चालतात. किंवा लिथियम सेलनंतर एलएम२५९६चा बक कन्व्हर्टर (जास्त व्होल्ट उतरवून देणारा छोटा बोर्ड) लावा, पण सर्वो जोडण्यापूर्वी मल्टीमीटर लावून त्याचा स्क्रू फिरवत ५ व्होल्टवर आणा. पाकिटातून काढलेला कन्व्हर्टर किती व्होल्टवर ठेवलेला असेल याचा भरवसा नसतो.

हिशेब: सर्वोंची संख्या गुणिले अडल्यावरचा प्रवाह. चार एसजी९० म्हणजे ४ × ०.७ = २.८, म्हणून ३ अँपिअर. एमजी९९६आर ६ व्होल्टला अडला की एकटाच सुमारे २.५ अँपिअर मागतो. असे चार असतील तर मोबाईलच्या चार्जरवर भागणार नाही, १० अँपिअरचा एसएमपीएस (जास्त प्रवाह देणारा वीजपुरवठा) लागेल.

तपासा: अडॅप्टर लावा, सर्वो अजून जोडू नका. मल्टीमीटर डीसी २० व्होल्टवर ठेवून टर्मिनलवर मोजा. ४.९ ते ५.२ यायला हवं. आकड्याआधी वजाचं चिन्ह दिसलं तर प्लस-मायनस उलटे आहेत. टेप लावून आताच लिहून ठेवा.

## ३. वायरिंग

एसजी९०च्या तीन वायरी: तपकिरी म्हणजे ग्राउंड, लाल म्हणजे प्लस, नारिंगी म्हणजे सिग्नल. काही सर्वोंवर काळी, लाल, पांढरी किंवा काळी, लाल, पिवळी अशी जोडी असते. लाल नेहमी मधे.

आता अडॅप्टर बंद ठेवून या क्रमाने जोडा:

१. अडॅप्टरचा मायनस ब्रेडबोर्डच्या निळ्या पट्टीला, प्लस लाल पट्टीला.
२. कपॅसिटर त्याच दोन पट्ट्यांत, सर्वोच्या जवळ. त्याच्या अंगावरची फिकट पट्टी मायनसची बाजू दाखवते.
३. सर्वोची तपकिरी निळ्या पट्टीला, लाल लाल पट्टीला.
४. सर्वोची नारिंगी उनोच्या ९ नंबरच्या पिनला.
५. उनोचा ग्राउंड निळ्या पट्टीला.

पाचवी वायर सर्वांत जास्त वेळा राहून जाते. अडॅप्टरचा मायनस आणि बोर्डचा ग्राउंड एक नसतील तर सिग्नलचे ५ व्होल्ट कशाच्या तुलनेत मोजायचे हे सर्वोला कळतच नाही. मग तो थरथरतो, मनाला येईल तसा हलतो किंवा गप्प बसतो.

सावधान: अडॅप्टरचा प्लस उनोच्या ५ व्होल्ट पिनला जोडू नका. बोर्ड यूएसबीवर, सर्वो अडॅप्टरवर. दोघांत फक्त ग्राउंड सामाईक.

सावधान: कपॅसिटर उलटा लागला तर तापून फुटतो. वीज देण्याआधी पट्टी पुन्हा एकदा पाहा.

ब्रेडबोर्डबद्दल दोन शब्द. लांब ब्रेडबोर्डांपैकी काहींत लाल-निळ्या पट्ट्या मधोमध तुटलेल्या असतात. छापील रेघेतही तिथे खंड दिसतो. दुसऱ्या अर्ध्या भागात लावलेला सर्वो मेलेला वाटतो तो यामुळे. शिवाय ब्रेडबोर्डचे आतले चिमटे आणि बारीक जंपर वायरी जास्त प्रवाहासाठी नाहीत. दोनपेक्षा जास्त एसजी९० किंवा एकही एमजी९९६आर असेल तर विजेच्या जोडण्या स्क्रू टर्मिनलवर, जाड वायरीने करा.

## ४. मध्य शोधा, हॉर्न हातात ठेवूनच

सर्वोवर अजून काहीही बसवलेलं नसावं. नुसता दातेरी दांडा.

सर्वोला दर २० मिलिसेकंदांनी एक स्पंद (विजेचा छोटा ठोका, पल्स) मिळतो आणि त्या स्पंदाच्या लांबीवर कोन ठरतो. १५०० मायक्रोसेकंद म्हणजे मध्य. कोडमध्ये सर्वो लायब्ररी (Servo.h) घ्या, सेटअपमध्ये (setup, सुरुवातीला एकदाच चालणारा भाग) ९ नंबरच्या पिनवर अटॅच (attach) करा आणि राइट-मायक्रोसेकंद्स (writeMicroseconds) वापरून १५०० पाठवा. लूप (loop, पुन्हा पुन्हा चालणारा भाग) रिकामा. एवढाच कोड.

आधी यूएसबी लावा, कोड अपलोड करा, मग अडॅप्टर सुरू करा. दांडा एक झटका घेऊन थांबेल आणि बोटांनी हळूच फिरवायला गेलात तर विरोध करेल. तो विरोध जाणवला म्हणजे वीज, ग्राउंड आणि सिग्नल तिन्ही पोचले.

तपासा: सर्वो शांत आहे का? मध्यावर, भार नसताना, सतत गुणगुणत असेल तर पुढे जाऊ नका, लेखाच्या शेवटच्या भागातली कारणं पाहा.

आता, सर्वो चालू आणि मध्यावर असतानाच, हॉर्न हव्या त्या दिशेला धरून दांड्यावर दाबा. नेमका काटकोनात बसणार नाही. २५ दातांच्या दांड्यावर (एमजी९९६आरचा तसा असतो) एक दात म्हणजे १४.४ अंश, त्यामुळे जवळच्या दातावर बसवून उरलेला फरक कोडमध्ये काढायचा. लायब्ररीच्या मूळ मर्यादांत एक अंश म्हणजे साधारण १० मायक्रोसेकंद. हॉर्न ४ अंश डावीकडे राहिला असेल तर १५०० ऐवजी १५४० किंवा १४६० पाठवून पाहा, एक बरोबर निघेल. तो आकडा टेपवर लिहून सर्वोच्या अंगावर चिकटवा.

स्क्रू आवळताना अडॅप्टर बंद करा आणि हॉर्न दुसऱ्या हाताच्या चिमटीत धरा. पिळण्याचा जोर चिमटीवर येऊ द्या, गिअरवर नको. पिशवीतल्या तीन स्क्रूंपैकी सर्वांत छोटा हॉर्नचा आहे. टोकदार मोठे दोन सर्वोची बॉडी बसवण्यासाठी. मोठा स्क्रू दांड्यात घातला तर दांडा चिरतो.

हॉर्न आधी बसवून मग वीज देणारे जवळपास सगळेच असतात. सांगाड्यात जोडलेला हात मध्यावर उसळतो, सांगाड्याला आपटतो, सर्वो अडतो, तापतो. हात हलवायला १८० अंशांतले एका बाजूला ३० आणि दुसऱ्या बाजूला १५० उरतात. मग लोक कोडमध्ये वजाबाक्या करत बसतात. स्क्रू काढून हॉर्न पुन्हा बसवायला दोन मिनिटं लागतात.

## ५. दोन्ही टोकं मोजा

उनोच्या सर्वो लायब्ररीत ० अंश म्हणजे ५४४ आणि १८० अंश म्हणजे २४०० मायक्रोसेकंद धरलेले आहेत. तुमच्या हातातला सर्वो तिथपर्यंत जाईलच असं नाही. एकाच पाकिटातल्या दोन एसजी९०ची टोकंही वेगळी निघतात. म्हणून प्रत्येक सर्वोची टोकं मोजायची.

सिरियल मॉनिटरमधून (संगणकावरून बोर्डशी बोलायची खिडकी) आकडा वाचून तो सर्वोला पाठवणारा छोटा कोड लिहा. पार्स-इंट (parseInt, आलेल्या अक्षरांतून आकडा वाचणारी आज्ञा) वापरत असाल तर मॉनिटरमध्ये ‘नो लाइन एंडिंग’ निवडा. नाहीतर एक हमखास चकवा बसतो: तुम्ही १४५० पाठवता, सर्वो बरोबर जागी जातो आणि सेकंदभराने धाडकन टोकाला जाऊन आपटतो. आकड्यामागून आलेली नवीन ओळीची खूण पार्स-इंट वाचायला जातो, त्याला आकडा सापडत नाही, म्हणून तो ० देतो आणि लायब्ररी ० ला किमान मर्यादा समजते. ‘५०० पेक्षा लहान आकडा आला तर सोडून दे’ अशी एक अट कोडमध्येही घाला.

आता १५०० पासून ५०-५० ने खाली या. ९०० च्या खाली गेल्यावर १० चे टप्पे घ्या. कान सर्वोजवळ ठेवा. हॉर्न हलायचा थांबला आणि घूंघूं सुरू झाली की टोक आलं. लगेच २० ने परत या, आवाज थांबेपर्यंत. त्याच्या आणखी ३० अलीकडचा आकडा तुमची किमान मर्यादा. २१०० च्या पुढे १० चे टप्पे घेत कमाल बाजूही तशीच मोजा. हे दोन आकडे अटॅच करताना पिननंतर द्यायचे असतात, म्हणजे मग राइटमध्ये (write, अंश सांगणारी आज्ञा) ० ते १८० लिहिलं तरी सर्वो टोकाला घासत नाही.

सावधान: घूंघूं करत असलेला सर्वो तसाच सोडून उठू नका. तो त्या वेळी जास्तीत जास्त प्रवाह घेतो आहे. बॉडी हाताला गरम लागायला वेळ लागत नाही आणि आतली मोटर जळते ती अशीच.

## ६. आता कोड

इथपर्यंत नीट आलात तर कोडमध्ये सांभाळायच्या गोष्टी मोजक्याच आहेत.

सुरुवातीची जागा. अटॅच झाल्याबरोबर लायब्ररी १५०० पाठवते. हात वेगळ्या जागी विसावलेला असेल तर सुरू होताच झेप घेतो. ती टाळायला अटॅचच्या आधीच्या ओळीत विसाव्याच्या जागेचे मायक्रोसेकंद द्या. अंश देऊ नका, कारण तुमच्या मर्यादा अजून लायब्ररीला माहीत झालेल्या नसतात.

थांबायला वेळ. एसजी९० भार नसताना ६० अंश जायला साधारण ०.१ सेकंद घेतो, म्हणजे १८० अंशांना ०.३. राइट ही आज्ञा मात्र ताबडतोब संपते. सर्वो पोचला की नाही हे बोर्डला कधीच कळत नाही, कारण परत येणारी वायरच नाही. एका टोकाला जा म्हणून सांगून १५ मिलिसेकंदांनी परत ये म्हणालात तर तो जागच्या जागी हुळहुळेल.

टप्प्याटप्प्याने फिरवा. उदाहरणांमधल्या ‘स्वीप’मध्ये दर १५ मिलिसेकंदांनी एकेक अंश पुढे जातो. त्या पद्धतीने हालचाल मऊ होते आणि प्रवाहाचा उसळाही कमी होतो. एकापेक्षा जास्त सर्वो किंवा सेन्सर असतील तर डिलेऐवजी (delay, नुसती वाट पाहायला लावणारी आज्ञा) मिलिस (millis, बोर्ड सुरू झाल्यापासूनचा वेळ सांगणारी आज्ञा) वापरून वेळ मोजा, नाहीतर एक सर्वो फिरेपर्यंत बाकी सगळं ताटकळतं.

पिनांचा झगडा. उनोवर सर्वो लायब्ररी वापरली की ९ आणि १० या पिनांवर ॲनालॉग-राइट (analogWrite, कमी-जास्त वीज देणारी आज्ञा) चालत नाही, सर्वो दुसऱ्या कोणत्याही पिनला असला तरी. एलईडी मंद-प्रखर करायची असेल किंवा मोटर ड्रायव्हर असेल तर ३, ५, ६ किंवा ११ घ्या. ० आणि १ सर्वोला देऊ नका, त्या सिरियलच्या आहेत.

व्यत्यय. सॉफ्टवेअर-सिरियल (ब्लूटूथसारखं मॉड्यूल जोडायला वापरतात ती) आणि निओपिक्सेल (रंगीत एलईडी) पट्ट्यांच्या लायब्ऱ्या काम करताना बोर्डचे इंटरप्ट (चालू काम थांबवून तातडीचं काम करायची सोय) बंद ठेवतात. तेवढ्यात सर्वोचा स्पंद लांबतो आणि हात दचकतो. ब्लूटूथ मॉड्यूल किंवा रंगीत पट्टी जोडल्यावरच थरथर सुरू झाली असेल तर कारण हेच. अशा प्रकल्पात पुढच्या टप्प्यातला पीसीए९६८५चा बोर्ड घ्या.

## ७. जास्त सर्वो, किंवा ईएसपी३२

पीसीए९६८५चा बोर्ड १६ सर्वो सांभाळतो आणि उनोच्या फक्त ए४, ए५ या दोन पिना घेतो. त्याला दोन वेगळ्या विजा लागतात: व्हीसीसीला (बोर्डवरच्या चिपच्या विजेची पिन) उनोचे ५ व्होल्ट आणि हिरव्या टर्मिनलला अडॅप्टरचे ५ व्होल्ट. फक्त व्हीसीसी जोडली तर बोर्डचा दिवा लागतो, लायब्ररी तक्रार करत नाही आणि एकही सर्वो हलत नाही. हा बोर्ड २० मिलिसेकंदांचे ४०९६ भाग करतो, म्हणजे १५०० मायक्रोसेकंद सुमारे ३०७ होतात. पण त्याचं आतलं घड्याळ थोडं मागेपुढे असतं, म्हणून पाचव्या टप्प्यातली मोजणी या बोर्डवर पुन्हा करा. उनोवर काढलेले आकडे तसेच उचलू नका.

ईएसपी३२वर नेहमीची सर्वो लायब्ररी चालत नाही. लायब्ररी मॅनेजरमधून ईएसपी३२-सर्वो घ्या. ३४ ते ३९ या पिना फक्त वाचण्यासाठी आहेत, त्यांवर सर्वो कधीच हलणार नाही. सिग्नल ३.३ व्होल्टचा असला तरी एसजी९० तो ओळखतो, मात्र त्याची वीज ३.३ व्होल्टच्या पिनवरून घेऊ नका.

## बिघाड शोधताना

बोर्ड रीसेट होतोय का, याची खात्री. सेटअपच्या पहिल्या ओळीत सिरियलवर ‘सुरू’ असं छापा. सर्वो हलताना मॉनिटरवर ‘सुरू’ पुन्हा पुन्हा येत असेल, बोर्डवरचा एल दिवाही लुकलुकत असेल, तर दुसऱ्या टप्प्याकडे परत जा.

सर्वो हलतच नाही. सर्वोच्या प्लगपाशी व्होल्टेज मोजा, अडॅप्टरपाशी नको. मग सामाईक ग्राउंड, मग कोडमधला पिन नंबर, मग तुटलेली पट्टी. शेवटी त्याच जागी दुसरा सर्वो लावून पाहा.

मध्यावर थरथरतो. प्लगपाशी व्होल्टेज मोजत सर्वो फिरवा. ४.७ च्या खाली जात असेल तर वायर बारीक किंवा अडॅप्टर अपुरा आहे. मीटर सरासरी दाखवतो, क्षणिक खच त्याला दिसत नाही, म्हणून आकडा ठीक दिसला तरी कपॅसिटर लावून फरक पडतो का ते पाहा. पोटेंशिओमीटरने (हाताने फिरवायच्या नॉबने) सर्वो फिरवत असाल तर वाचनच एक-दोनने हलत असतं. नवा कोन जुन्यापेक्षा निदान २ अंशांनी वेगळा असेल तरच पाठवा, थरथर थांबेल.

फिरताना कटकट आवाज, हॉर्न मधेच घसरतो. गिअरचा दात गेला. दुरुस्तीत वेळ घालवू नका, सर्वो बदला. नवा बसवण्याआधी जुना कशावर अडला होता ते शोधा, नाहीतर नव्याचंही तेच होईल.

भार धरून ठेवताना तापतो. सर्वो जागा राखायला सतत प्रवाह घेतो. हात ज्या स्थितीत वजनाने आपोआप टेकून राहतो तिथे नेऊन डिटॅच (detach) करा, म्हणजे स्पंद बंद होऊन मोटर सैल पडेल. वर उचललेल्या स्थितीत डिटॅच केलंत तर हात खाली पडेल. वजन सतत वरच ठेवायचं असेल तर सांध्याला स्प्रिंग किंवा मागच्या बाजूला प्रतिवजन लावा आणि पहिल्या टप्प्यातला हिशेब त्या वजनासह पुन्हा मांडा.